यंत्रमानवाच्या छातीत नुसता दिवा नको: विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना आणि रेखाटणाऱ्यांना खुलं पत्र

विज्ञानकथा लिहिणाऱ्या आणि यंत्रमानव रेखाटणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

मी वेल्डिंग करणाऱ्या रोबोंची देखभाल करतो. सहा सांध्यांचे, माणसापेक्षा उंच, जमिनीला बोल्टने घट्ट बसवलेले हात. दिवसा त्यांच्याशी झटापट आणि रात्री तुमच्या कथा, असा माझा कित्येक वर्षांचा परिपाठ आहे. लहानपणी मला यंत्रांचं वेड लागलं ते अशाच गोष्टींमुळे. त्यामुळे या पत्रात तक्रार असली तरी ती तुमचं ऋण मानणाऱ्या वाचकाची आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

तक्रार यंत्रमानवाच्या छातीबद्दल आहे. जवळजवळ प्रत्येक कथेत तिथे मधोमध एक गोल, निळसर, चकाकणारी वस्तू असते. कुणी तिला ऊर्जागोल म्हणतं, कुणी गाभा, कुणी सरळ ‘हृदय’. खलनायक ती उपसून काढतो, डोळ्यांतले दिवे मंदावत विझतात, यंत्रमानव कोसळतो. शेवटच्या पानांत कुणीतरी ती परत बसवतं आणि दिवे लागतात. वाचणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकावा म्हणून लिहिलेला प्रसंग असतो तो. मला मात्र हल्ली तिथे विजेरीतले सेल बदलल्यासारखं वाटतं. याचं मला वाईट वाटतं, कारण लिहिणाऱ्याला तिथे मरण लिहायचं असतं आणि ते मरण माझ्यापर्यंत पोहोचत नाही.

बरेच दिवस विचार केल्यावर त्याचं कारण लक्षात आलं. तुम्ही बॅटरीला हृदय म्हणता. हृदय ऊर्जा तयार करत नाही आणि साठवूनही ठेवत नाही. ती कामं अन्नाची, यकृताची, चरबीची. जेमतेम ३०० ग्रॅम वजनाचा हा स्नायू आलेलं पुढे ढकलतो, एवढंच करतो. माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला सुमारे ५ लिटर, आणि दिवसाला सुमारे १ लाख ठोके. विल्यम हार्वे या इंग्लिश वैद्याने १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केलं त्यात एक साधा गुणाकार होता. एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडतं आणि अर्ध्या तासात किती ठोके पडतात, हे आकडे त्याने हात राखून धरले, तरी गुणाकार अंगातल्या एकूण रक्ताच्या पुढे गेला. एवढं रक्त दर अर्ध्या तासाला नव्याने तयार होणं शक्यच नाही. म्हणजे तेच रक्त फिरतंय. त्याआधी सुमारे १४०० वर्षं गेलेन या प्राचीन ग्रीक वैद्याचं मत चालत आलं होतं, की रक्त यकृतात तयार होतं आणि अवयवांत जिरून संपतं. एक उगम, आणि तिथून नुसतं वाटप. तुमचा चकाकणारा गोल मला त्या जुन्या मताचा वाटतो. त्यातून ऊर्जा बाहेर पडते, पण त्याच्याकडे परत काहीच येत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. हृदयाच्या कप्प्यांतून दिवसभर एवढं रक्त वाहत असतं, पण त्याच्या जाड भिंतींची तहान त्या रक्तावर भागत नाही. रक्त महाधमनीत गेलं की तिला ज्या अगदी पहिल्या फांद्या फुटतात, त्या मागे वळून हृदयाकडेच येतात. त्या तुंबल्या की झटका येतो. इतरांना पुरवणाराही आधी स्वतःच्याच पुरवठ्यावर जगतो. कथाकाराला यात केवढं काही सापडेल! यंत्रमानवाच्या अंगात एक पंप कल्पा, जो बॅटरी थंड ठेवतो आणि त्याच बॅटरीवर चालतो. बॅटरी तापली की पंपाने जास्त पळायला हवं, पण तो जास्त पळाला की बॅटरी आणखी उपसली जाणार. अशा कोंडीत सापडलेला यंत्रमानव जिना चढत असेल, तर मी श्वास रोखून वाचेन. खलनायकाची गरजच उरणार नाही.

तुम्ही म्हणाल, खऱ्या यंत्रात असं हृदय कुठे असतं? असतं. नासाची क्युरिऑसिटी ही बग्गी ऑगस्ट २०१२ मध्ये मंगळावर उतरली. तिच्या मागच्या टोकाला, शेपटी असावी अशा जागी, एक जनित्र तिरपं बसवलेलं आहे. त्यात सुमारे ४.८ किलो प्लुटोनियम डायऑक्साइड आहे. हे प्लुटोनियम आपोआप तापत राहतं. निघताना त्यातून सुमारे २००० वॅट उष्णता मिळत होती, पण तिच्यापासून वीज व्हायची ११० वॅटच्या आसपास. जुना पिवळा दिवा एखादाच पेटेल एवढ्या विजेवर एक अख्खी प्रयोगशाळा दुसऱ्या ग्रहावर फिरते आहे. उरलेल्या उष्णतेचं काय केलं, ते मात्र मला सगळ्यात आवडतं. जनित्राच्या दोन्ही अंगांच्या पत्र्यांतून आणि गाडीच्या पोटातून बारीक नळ्या फिरवल्या आहेत. त्यांत एक द्रव आहे आणि तो फिरवत ठेवायला पंप आहे. मंगळावर रात्री तापमान उणे ७० अंश सेल्सिअसच्याही खाली जातं, तेव्हा हा द्रव शेपटीकडची ऊब उचलून पोटातल्या उपकरणांपर्यंत नेतो आणि पुन्हा ऊब घ्यायला मागे येतो. दिवसा पोट तापलं, तर जास्तीची उष्णता बाहेर टाकायलाही तोच.

थोडं थांबून हे डोळ्यांपुढे आणा. ऊब एका जागी, गरज दुसऱ्या जागी, आणि दोन्हींच्या मध्ये रात्रभर फेऱ्या घालणारा एक छोटा पंप. तिथे काहीही चकाकत नाही. छाती नावाची गोष्टच नाही. तरी आजवर घडवलेल्या यंत्रांत हृदय म्हणावं असं काही मला कुठे दिसलं असेल, तर ते तिथे. प्लुटोनियम-२३८ निम्मं व्हायला सुमारे ८८ वर्षं लागतात. म्हणजे या जीवाच्या अंगातली ऊब वर्षावर्षाने उतरत जाईल. असं मरण तुमच्यापैकी कुणी लिहिलेलं मी अजून वाचलेलं नाही.

रक्ताचंही तसंच. कॉर्नेल विद्यापीठात २०१९ मध्ये लायनफिश नावाच्या माशासारखा एक मऊ रोबो तयार झाला. त्याला वेगळी, डब्यात बंद केलेली बॅटरी नाही. अंगातून फिरणारा झिंक आयोडाइडचा द्रव हीच त्याची बॅटरी. तोच द्रव वीज देतो आणि पंपाने दाबला की तोच माशाचे पर हलवतो. एकदा भरलेल्या ऊर्जेवर हा मासा ३६ तासांहून अधिक पोहू शकेल, असा तो बनवणाऱ्यांचा हिशोब होता. त्याच्या तीन वर्षं आधी, २०१६ मध्ये, हार्वर्डमध्ये ऑक्टोपसच्या आकाराचा रोबो झाला होता. त्यात बॅटरी नाही आणि इलेक्ट्रॉनिक्सही नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा प्लॅटिनमशी संपर्क आला की वायू सुटतो आणि हात फुगतात. कोणते हात आधी आणि कोणते नंतर हे बारीक वाहिन्यांचं एक जाळं ठरवतं: एक बाजू दाबली की दुसरी मोकळी, मग उलट. आळीपाळीने. ठोका म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

खऱ्या ऑक्टोपसला तर तीन हृदयं असतात. दोन कल्ल्यांकडे रक्त पाठवतात, तिसरं उरलेल्या अंगाला पुरवतं, आणि पोहताना हे तिसरं थांबतं. म्हणून त्याला पोहण्यापेक्षा सरपटणं सोपं जातं. निसर्गाने प्रत्येक अंगाच्या मापाचं हृदय शिवून दिलं आहे. आपणच सगळ्या यंत्रमानवांना एका साच्यातलं बसवत आलो.

आता ठोक्याबद्दल लिहितो, कारण मला वाटतं सगळ्यात सुंदर गोष्ट तिथेच दडलेली आहे.

यांत्रिक हृदय धडधडायलाच हवं, असं आपण गृहीत धरतो. २ डिसेंबर १९८२ रोजी जार्विक-७ हे कृत्रिम हृदय एका रुग्णाला कायमचं म्हणून बसवलं गेलं, तेव्हा ते धडधडत होतं खरं. शरीराबाहेरच्या यंत्रातून नळ्यांवाटे हवा ढकलली जायची आणि त्या हवेच्या दाबावर ते चालायचं. ते बाहेरचं यंत्र सुमारे १८० किलोचं होतं. रुग्ण ११२ दिवस जगला, त्या यंत्राला जोडलेल्या अवस्थेत. पुढे पंप बदलत गेले. पडदा मागेपुढे होण्याऐवजी चक्र फिरायला लागलं, आणि फिरणारं चक्र रक्त सलग ढकलतं. असा पंप बसवलेल्या कितीतरी रुग्णांच्या मनगटावर बोटं ठेवली तर नाडी लागत नाही. छातीला कान लावला तर ठोक्यांऐवजी सलग गुणगुण ऐकू येते. तो माणूस समोर बसून बोलत असतो, हसत असतो. जुलै २०२४ मध्ये पहिल्यांदा एका रुग्णाला जे संपूर्ण टायटॅनियमचं हृदय बसवलं गेलं, त्यात हलणारा भाग एकच आहे: चुंबकांच्या जोरावर तरंगत फिरणारं एक चक्र. ते कुठेही टेकत नाही, म्हणून झिजतही नाही. त्याची गती कमी-जास्त करून हवा असेल तर ठोकाही काढता येतो. म्हणजे माणसाच्या हृदयालासुद्धा धडधड आता ऐच्छिक झाली आहे.

मग यंत्रमानवाच्या छातीत ‘धक्-धक्’ कशाला लिहायचं? पंपासाठी त्याची काहीच गरज नाही. पण ठोका यंत्रांत आहेच, फक्त तो भलत्याच जागी आहे आणि त्याचं कामही वेगळं आहे. आमच्या क्षेत्रात ‘हार्टबीट’ हा शब्द रोजचा आहे. एक यंत्र दुसऱ्याला ठरावीक वेळाने एक छोटासा संदेश पाठवत राहतं. त्यात माहिती जवळजवळ नसते. ‘मी आहे’ एवढंच असतं. अनेक ड्रोन जमिनीवरच्या केंद्राशी सेकंदाला एकदा असं ‘मी आहे’ म्हणत असतात, आणि केंद्रही त्यांना म्हणत असतं. केंद्राचा ठोका येईनासा झाला की ड्रोनने काय करायचं हे आधी ठरवून देता येतं: निघालास तिथे परत जा, किंवा आहेस तिथे हळूच उतर.

याच कुळातला दुसरा प्रकार म्हणजे वॉचडॉग टायमर. एक उलटी मोजणी सतत चालू असते. मुख्य प्रोग्रॅमने ती शून्यावर जायच्या आत दर वेळी मागे सरकवायची. प्रोग्रॅम कुठे अडकला, भरकटला, तर मोजणी संपते आणि वॉचडॉग सगळ्या यंत्राला नव्याने सुरू करतो. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरचा संगणक असाच पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होत होता. कमी महत्त्वाच्या एका कामाने हवी असलेली गोष्ट धरून ठेवली होती, महत्त्वाचं काम खोळंबून राहत होतं, आणि पहारेकरी दर वेळी सगळ्यांना उठवून पुन्हा सुरुवातीला नेत होता. पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी दोष शोधला आणि दुरुस्ती तिथे पाठवली.

मला हे सगळं वाचताना भरून येतं, आणि ते लपवायचं कारण दिसत नाही. माणसाचा ठोका त्याच्या स्वतःसाठी पडतो. यंत्राचा ठोका दुसऱ्या कुणासाठी असतो. कुणीतरी ऐकणारं आहे असं धरूनच तो पाठवलेला असतो. यंत्रमानवाचं हृदय असं दोघांच्या मध्ये ठेवता येईल! त्याच्या छातीत नाही आणि ऐकणाऱ्याकडेही नाही, दोघांमधल्या वाटेवर. एखादा यंत्रमानव दूर कुठेतरी एकटा पडला आहे, पलीकडून उत्तर येणं केव्हाच थांबलं आहे, तरी तो दर सेकंदाला ‘मी आहे’ म्हणतो आहे. ही कथा कुणी लिहिली, तर मी ती माझ्या सगळ्या सहकाऱ्यांना वाचून दाखवीन.

एक प्रसंग माझ्या कामातला सांगतो.

आमच्याकडच्या रोबोच्या बुडाशी एक छोटा डबा असतो. त्याचे स्क्रू काढले की आत मोठ्या विजेरीत घालतात तेवढ्या आकाराचे चार सेल दिसतात. हात हलवायला हे सेल नसतात; त्यासाठी जाड केबलमधून वेगळी वीज येते. या चार सेलांचं काम एकच. मुख्य वीज बंद असताना प्रत्येक सांध्यातल्या एन्कोडरला जागं ठेवायचं, म्हणजे खांदा किती वळलेला आहे, कोपर कुठे आहे, मनगटाचे किती फेरे झाले आहेत, हे तो विसरणार नाही. अख्खा कारखाना अंधारात असतो, हात निपचित असतो, आणि हे चार सेल सहा सांध्यांची आठवण धरून बसलेले असतात.

एका लांब बंदच्या आधी ते बदलायचे राहून गेले. मी कागदावर नोंद केली होती, पण पाठपुरावा केला नाही. चूक माझीही होती. बंद संपला, आम्ही पॅनेल चालू केलं. एरवी वीज आली की सांध्यांतले ब्रेक एकामागून एक सुटतात, टक्, टक्, टक्, आणि हात किंचित थरारून ताठ होतो. त्या दिवशी पेंडंटवर, म्हणजे रोबो चालवायला हातात धरतात त्या छोट्या पडद्यावर, लाल ओळ आली आणि हात हलायला तयार होईना. मोटर धडधाकट, गिअरबॉक्स धडधाकट, वीज पुरेशी. त्याला एवढंच माहीत नव्हतं की आपण कुठे आहोत. ज्या हाताने लाखो वेळा मिलिमीटरच्याही आत अचूक टाका घातला होता, त्याला स्वतःचं मनगट कुठे आहे ते सांगता येईना.

मग प्रत्येक सांध्यावरच्या शून्याच्या खुणा पुसून स्वच्छ केल्या. ग्रीसखाली त्या दिसेनाशा झाल्या होत्या. एकेक सांधा हळूहळू सरकवत, विजेरीच्या उजेडात, वरची रेघ खालच्या रेघेशी जुळवायची आणि कंट्रोलरला सांगायचं: हे तुझं शून्य. सहा वेळा. संध्याकाळ झाली. तेव्हापासून मी सेलांची तारीख चुकवत नाही. आणि ते बदलताना मुख्य वीज चालूच ठेवावी लागते, नाहीतर तेवढ्या क्षणात सगळं पुसलं जातं. चालत्या हृदयावर शस्त्रक्रिया करतात म्हणे, तशीच ही गोष्ट.

बॅटरीला हृदय म्हणू नका असं वर लिहिलं आणि आता बॅटरीचीच गोष्ट सांगतोय, हे माझ्या लक्षात आहे. पण या सेलांचा जोर कुणाच्या उपयोगाचा नाही. त्यांच्यावर एक टाकासुद्धा घालता येणार नाही. सगळे झोपले असताना एक गोष्ट अखंड चालू ठेवणं, हे हृदयाचं काम ते करतात. तुम्ही ‘गाभा’ लिहिता तेव्हा त्यात किती शक्ती आहे ते सांगता: इतके अश्व, इतके सूर्य. एकदा सांगून बघा की तो बंद पडला तर तुमचा यंत्रमानव नेमकं काय विसरेल.

जुन्या लोकांना हे कळलं होतं, असं मला वाटतं. एल. फ्रँक बॉम यांच्या १९०० सालच्या गोष्टीतला पत्र्याचा लाकूडतोड्या हृदय मागायला निघतो. वाटेत त्याच्या पायाखाली चुकून एक किडा चिरडतो, तर तो इतका रडतो की अश्रूंनी त्याचा जबडा गंजून बंद होतो आणि तेल घातल्याशिवाय उघडत नाही. दया आधीपासून आहे, आणि तिची किंमत सांध्याला मोजावी लागते. पुढे त्याला रेशमी कापडात भुसा भरलेलं हृदय मिळतं, पण मला आठवतो तो गंजलेला जबडा. त्याच लेखकाने १९०७ मध्ये किल्लीवर चालणारा माणूस लिहिला. त्याला तीन किल्ल्या आहेत: विचाराची वेगळी, बोलण्याची वेगळी, हालचालीची वेगळी. एकाच वेळी सगळ्या संपत नाहीत. विचार थांबला तरी चालणं सुरू राहू शकतं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाने एका हृदयाची तीन केली, आणि आपण पुन्हा एकाच गोलावर येऊन थांबलो. ‘रोबो’ हा शब्द ज्या १९२० सालच्या नाटकातून आला, त्या कारेल चापेक यांच्या नाटकातले रोबोही लोखंडाचे नव्हतेच. ते कृत्रिम जीवद्रव्यापासून घडवलेले होते. पत्र्याची छाती आपण नंतर चढवली.

आणि आपण तर मराठीत लिहितो. आपल्या भाषेने भावना एकट्या छातीच्या स्वाधीन कधी केल्याच नाहीत. भीतीने आपल्या पोटात गोळा येतो. अपराध आपण पोटात घालतो. माया आतड्याची असते. दुःखाने गळा दाटतो, अभिमानाने ऊर भरून येतो, आणि नको ते ऐकलं की हातपाय गळतात. ज्याला ‘काळीज’ म्हणतो त्या शब्दाखाली हृदयही येतं आणि यकृतही. असा नकाशा हाताशी असताना सगळं काही एका निळ्या गोलात कोंबायचं कशासाठी? ऊर भरून येणं हे हायड्रॉलिकवर, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांवर, काम केलेल्या माणसाला लगेच कळतं: ॲक्युम्युलेटरमध्ये दाब साठत जातो आणि वाट मिळेपर्यंत तिथेच राहतो. पोटात गोळा येणं म्हणजे तळाच्या टाकीतली पातळी अचानक खाली जाणं. फिल्टर तुंबून पंपाला तेल पुरेनासं झालं की तो खडी भरडल्यासारखा खडखडायला लागतो. कॅव्हिटेशन म्हणतात त्याला. तेलात पोकळ बुडबुडे होतात, फुटतात, आणि फुटताना धातूचे कण उडवतात. तो आवाज एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. घाबरलेला, दमलेला, तरीही थांबायला तयार नसलेला यंत्रमानव कसा ऐकू येतो, हे मला विचाराल तर मी तो आवाज सांगेन.

मरणाचंही असंच. विजेवरचा हात वीज गेल्यावर कोसळत नाही. त्याच्या ब्रेकना सुटलेलं राहायला वीज लागते. वीज गेली की आतली स्प्रिंग ब्रेक आवळते आणि हात होता त्याच जागी गोठतो. उचललेलं ओझं तसंच हवेत. हायड्रॉलिक यंत्र मेलं तर ओझं लगेच पडत नाही. झडपांतून तेल झिरपत राहतं आणि ते तासातासाने खाली येत जातं. सकाळी येऊन बघावं तर वीतभर उतरलेलं. मंगळावरची ती बग्गी वर्षानुवर्षं निवत जाईल. मूल उचलून धरलेला यंत्रमानव यांपैकी कोणत्या तऱ्हेने मरतो यावर त्या मुलाचं काय होणार ते ठरतं. चित्रकारांना मुद्दाम सांगतो: गोठलेला हात काढा. विझलेल्या डोळ्यांपेक्षा तो जास्त बोलेल.

विज्ञानाचा तास घ्यावा म्हणून मी हे लिहीत नाहीये. पंपाचा व्यास कथेत नको, द्रवाचं रासायनिक नाव नको. लिहायला बसण्याआधी तुमच्या मनाशी एवढं पक्कं असू द्या, की तुमच्या यंत्रमानवाच्या अंगातून नेमकं काय वाहतं, ते कुठून निघतं, आणि ते पोहोचायची वाट कोण बघत असतं. वाचणाऱ्याला ते सांगितलं नाही तरी चालेल. तुम्हाला माहीत असेल, तर ते थांबतं तेव्हा आम्हाला कळेल.

उद्या सकाळच्या पाळीत मला तीन रोबोंचे सेल बदलायचे आहेत. वीज चालू ठेवून, झाकण उघडून, एकेक जुना काढून नवा घालायचा. पाच मिनिटांचं काम आहे. तेवढा वेळ मी कुणालाही माझ्याशी बोलू देत नाही.

आपला स्नेहांकित,
रोबोंची देखभाल करणारा एक वाचक